जुन्या मोटारीविषयी भाच्यास पत्र

अंतरवाली सराटी,
ता. अंबड, जि. जालना

चि. बाळास,

तू जुनी डिझेल डिझायर घेतलीस आणि तिच्या मीटरवर १,८०,००० किलोमीटरांचा आकडा आहे, हे कळल्यापासून अक्काच्या जिवाला जी धास्ती लागली आहे, तिच्यात मी सहभागी नाही. वाडीगोद्रीहून शहागडाकडे जाणाऱ्या महामार्गावर याहून अधिक अंतर तोडलेल्या गाड्या रोज माणसे वाहत असतात. आणि अमेरिकेतील अर्व गॉर्डन नावाच्या एका शिक्षकाने १९६६ साली घेतलेली व्होल्वो मोटार पुस्तिकेबरहुकूम निगा राखत २०१३ साली तीस लाख मैलांपर्यंत नेली, हे तर जगजाहीर आहे.

माझी काळजी निराळी आहे. एवढे अंतर तोडताना त्या गाडीचे तेल केव्हा बदलले, क्लच प्लेट कधी टाकली, इंजिन कधी उघडले, याचा एकही कागद विकणाऱ्याने तुला दिलेला नाही. आणि मीटर मागे फिरवणे हा या व्यवहारातील जुनाच प्रकार असल्यामुळे तो आकडाही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. तेव्हा गाडीची आजवरची सारी कैफियत अज्ञात आहे असे गृहीत धरून तू तिचे नवे दफ्तर उघडावेस, आणि जे काम झाल्याचा दाखला नाही ते झालेलेच नाही असे समजून चालावेस, एवढेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

आरंभ मालकीपासून कर. शेताचे खरेदीखत झाले तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आपल्याकडे कोणी निर्धास्त होत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र तीच माणसे सह्या केलेले नमुना २९ आणि ३० गाडीच्या खणात ठेवून वर्षानुवर्षे हिंडतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. नोंद बदलली नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दप्तरी ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. ज्याने विश्वासाने तुझ्या हाती किल्ली दिली, त्याला तुझ्या हातून घडणाऱ्या अपघातापायी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, ही साधी माणुसकी आहे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज दे. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला आणि नमुना ३५ हाती आल्यावाचून उरलेली रक्कम देऊ नकोस. नोंदणीची १५ वर्षे कधी पुरी होतात तेही पाहून ठेव, कारण त्यानंतर तपासणी होऊन एका वेळी पाचच वर्षांची मुदत मिळते, आणि तिचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे.

आता यंत्राविषयी. तुझ्या गाडीचे १२४८ सी.सी.चे इंजिन मूळचे फियाटचे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या असल्या तरी हेच इंजिन टाटांच्या आणि फियाटच्याही गाड्यांत बसलेले असल्याने त्याचे सामान आणि त्याला जाणणारे मिस्त्री आपल्या भागात सहज मिळतात. त्यात टायमिंगचा पट्टा नसून साखळी आहे, आणि तिचे आयुष्य इंजिन ऑइलवर अवलंबून असते. सकाळी थंड इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने क्षणभर खडखड ऐकू आली तर ती कानाआड करू नकोस. ऑइल आणि तिन्ही फिल्टर आधी बदलून टाक. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर जी धूळ उडते, ती पाहता हवेचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा लवकर बघावा लागतो.

सर्वांत अधिक मी पाण्याविषयी सांगेन, कारण आमच्याकडे जुनी इंजिने बहुतेक त्यापायीच जातात. कुलंट कमी झाले की लोक जवळच्या बोअरचे पाणी ओततात. ते क्षारयुक्त पाणी तापून त्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, नळ्या बुजतात, गाडी गरम होऊ लागते. मग कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतो, आणि काटा खाली आला म्हणून मालक समाधान पावतो. वास्तविक थर्मोस्टॅट नसलेले इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त पिते आणि आतून काळवंडते. मूळ दुखणे रेडिएटरमध्ये तसेच राहते, आणि एखाद्या वैशाखाच्या दुपारी चढावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकून गॅसकेट जाते. म्हणून गाडी रात्रभर थंड झाल्यावर टाकीचे झाकण उघडून पाहा. पाणी गंजकट तपकिरी दिसले तर रेडिएटर साफ करून घे, आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही ते मिस्त्रीला समक्ष दाखवावयास सांग. ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडव. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे असे समज आणि गाडी तेथेच उभी कर. गरम गाडीचे झाकण मात्र कोणी कितीही घाई केली तरी उघडू नकोस. दाब सुटताच आतले पाणी उसळून तोंडावर येते, आणि त्याने भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

बुश, बॉल जॉइंट, शॉकअप ही कामे निघतीलच. त्यांना भिऊ नकोस. टायरवर कोरलेल्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, ते वाचून वय ठरव. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते नवे भर. मिस्त्री एकच धर, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस, बदललेला जुना भाग मात्र मागून घे, आणि तारीख, किलोमीटर, काम व खर्च वहीत त्याच दिवशी लिही. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम निराळी काढून ठेव आणि ती गाडीच्या किमतीतच धर. अक्काकडून उसने मागण्याची वेळ येऊ देऊ नकोस.

येत्या शनिवारी गाडी घेऊन ये, वाडीगोद्रीला खड्ड्यावर चढवून खालून पाहू. येण्यापूर्वी नमुना ३० वर विकणाऱ्याची सही तेवढी घेऊन ठेव.

तुझा,
मामा