भादव्याच्या आधी ठरवा

भादव्यातली कुत्री म्हटलं की आपल्याकडे हसण्यावारी नेतात. पण हिशेब मांडून पाहा. भादव्यात माजावर आलेली कुत्री साधारण 63 दिवसांनी, म्हणजे कार्तिकात विते. शिरूर तालुक्यातल्या आपल्या कवठे येमाईच्या शिवारात त्याच सुमारास ऊसतोडीचे कोयते चालू होतात, बिबट्याचं लपण उघडं पडतं आणि बांधावर सोडलेली पिल्लं त्याच्या वाटेत येतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केला. त्यात खाद्याच्या वजनात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. कुत्र्यांच्या नसबंदीनं बिबट्या हटतो असं मी म्हणणार नाही. ऊस आहे तोवर तो आहे, आणि रात्री कुत्रं बंदिस्त जागेत घ्यावंच लागतं. मात्र वस्तीवर नको असलेली पिल्लं जन्माला घालणं म्हणजे त्याची शिदोरी बांधून ठेवणं आहे. ‘बघू पुढं’ म्हणणाऱ्यानं ती बांधलेलीच असते.

मादीच्या बाबतीत पुरावा बराचसा एका बाजूला झुकतो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तर नसबंदी न केलेल्या चार-पाच माद्यांपैकी एकीच्या गर्भाशयात वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत पू होतो. माज उलटल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री पाणी फार पिते, खाणं सोडते, मलूल पडते; हे दिसल्यावर उद्यावर टाकायचं नसतं. स्तनाच्या गाठींबद्दल 1969 सालच्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे सगळीकडे फिरतात: पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर धोका न केलेल्या मादीच्या अर्धा टक्का, एका माजानंतर 8 टक्के, त्यापुढे 26. हे आकडे मी देतो, पण 2012 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास तपासून हा पुरावा कच्चा ठरवला, हेही सांगायला हवं. गर्भाशयच काढल्यावर त्यात पू होत नाही, याबद्दल मात्र वाद नाही. माज थांबवायचं इंजेक्शन स्वस्तातली पळवाट वाटते. पण त्यातली संप्रेरकंच पू होण्याचा आणि गाठींचा धोका वाढवतात.

नराचं गणित एवढं सरळ नाही. माजावरच्या मादीमागं रात्री-बेरात्री भटकणं बऱ्याच नरांत कमी होतं, आणि आपल्या पट्ट्यात तेवढंही मोलाचं आहे. पण भित्रं कुत्रं भीतीपोटी चावत असेल तर नसबंदीनं ते शहाणं होईलच असं नाही. थोराड जातींत घाईही नडते. कॅलिफोर्नियातल्या 2013 सालच्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर नरांत खुब्याचा दोष नसबंदी न केलेल्या नरांच्या दुप्पट आढळला. म्हणून अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर पाळला असेल तर हाडं भरेपर्यंत, निदान वर्षभर, थांबावं. हे आकडे गावठी कुत्र्याला मात्र चिकटवू नयेत. ती पाहणी त्याची नव्हतीच.

आता आक्षेप. ‘कुत्रं मऊ पडतं, राखण करत नाही.’ गंमत अशी की हे म्हणणाऱ्याच्या दावणीला बडवलेला बैल उभा असतो, आणि नांगराला जुंपताना त्याच्या ताकदीबद्दल मालकाला शंका नसते. कुत्रं राखण करतं ते कानांनी, नाकानं आणि घराच्या ओढीनं. ते सुस्तावतं बहुतेकदा वजनानं. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि खर्च होणारी ताकद कमी होते, तेव्हा भाकरी बेतानं घालावी. ‘एकदा तरी वेत होऊ द्यावं’ याला वैद्यकात आधार नाही. ‘मुक्या जिवावर पाप’ हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण मग पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडलेली पिल्लं कुणाच्या खात्यावर? राहिलं ‘सरकारनं करावं’. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराची नसबंदी, लसीकरण आणि जंतांचं औषध मालकावरच टाकलं आहे.

तेव्हा भादव्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा. ऐन माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्रावाची भीती वाढते. विचारायचं ते स्पष्ट विचारा: कुत्र्यांच्या अशा शस्त्रक्रिया नेहमी करता का, भूल कशी देता, आधी रक्त तपासता का, रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल. गाई-म्हशींचे डॉक्टर ‘हे शिरूरला किंवा पुण्याला न्या’ म्हणाले तर तो प्रामाणिकपणा समजावा. उपाशी किती वेळ ठेवायचं तेही त्यांच्याकडूनच घ्या. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवणं घातक ठरू शकतं. घरी आणल्यावर गोठ्यातल्या ओलीत बांधू नका, ओसरीवर कोरडं पोतं टाका. टाक्यांवर हळद थापू नका. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर पाहून पोरं हसतील, कुत्रं दारावर आपटेल, तरी दहा-बारा दिवस ती काढू नका.