वेलांटीपुरती जागा

उल्हासनगरात स्मरणिका, अहवाल, सोसायट्यांची परिपत्रकं यांची मांडणी करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गिऱ्हाईक शेवटी एकच मागणी करतं, "दोन पानं कमी करा." मग अक्षर एका पॉइंटाने उतरतं, समास आक्रसतो, ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. एका मंडळाने देणगीदारांची यादी अशीच दाबून बसवायला लावली. वरच्या ओळीतले उकार खालच्या रफारांवर आदळले, छपाईत शाई जराशी पसरली आणि नावं ओळखू येईनात. पुढे पदाधिकारी घरोघर दिलगिरी सांगत फिरले. जागा वाचवायचीच तर अध्यक्षांचं मनोगत निम्म्यावर आणावं, त्याची तक्रार फक्त अध्यक्षच करतात. ओळींमधल्या अंतराला मात्र हात लावू नये.

घोटाळ्याचं मूळ असं, की संगणकाने सुचवलेलं अंतर बहुतेक वेळा इंग्रजीच्या बेताचं असतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. एकाच ओळीला तीन मजले. म्हणून १२ पॉइंटांच्या अक्षराला ओळीचं माप किमान १८ ठेवावं. फोनवर वाचायचा मजकूर असेल तर त्याहून थोडं सैल. उल्हासनगरात देवनागरीत छापलेल्या सिंधीला तर याची गरज आणखी जास्त. ॻ, ॼ, ॾ, ॿ या अक्षरांच्या पायाशी आडवी रेघ असते. दाटीत ती खालच्या ओळीत बुडाली की ॿ आणि ब यांत फरक उरत नाही.

वाचणारा कुठे वाचतो, हेही मांडणी करणाऱ्याने बघावं. आपण टेबलाशी बसून मोठ्या पडद्यावर पान लावतो. बदलापूरहून निघालेल्या लोकलमध्ये माणूस एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर तेच पान वाचत असतो. विठ्ठलवाडी ओलांडेपर्यंत गर्दी अशी होते की फोन नाकापासून वीतभरही लांब नेता येत नाही. गाडीच्या हिसक्याला नजर ओळीवरून सुटते आणि परत नेमकी ओळ सापडली पाहिजे. लांबच लांब परिच्छेदात ती सापडत नाही. परिच्छेद आखूड ठेवा, मध्ये मोकळी ओळ सोडा. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही फोनपुरता सोडा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात. अरुंद पडद्यावर कडा जुळवताना मधे भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे बरं.

पाणी बंद असल्याची सूचना पिवळ्यावर लाल अक्षरांत, चित्र करून पाठवण्याची खोड तर सगळीकडे. चित्रातलं अक्षर वाचणाऱ्याने फोनमध्ये ठरवलेल्या मापाने मोठं होत नाही, आणि दृष्टिहीनांचा फोन ते नीट वाचून दाखवेलच असं नाही. साधा मजकूर पाठवा. तारीख आणि वेळ वेगळ्या ओळीत, ठळक लिहा.

आकड्यांच्या बाबतीत तर अंबरनाथच्या शिवमंदिराचंच उदाहरण आहे. तिथल्या शिलालेखातलं वर्ष भाऊ दाजींसारख्या पंडिताने शके ७८२ असं वाचलं होतं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असं दुरुस्त केलं. एका आकड्यापायी देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं. दगड झिजतो, त्याला इलाज नाही. आपण मात्र आठ पॉइंटांत तारखा छापून कोरी सूचना पहिल्याच दिवशी झिजवून ठेवतो.

मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरं सुटी करू नका, शिरोरेषा तुटते. तिरपं अक्षर देवनागरीच्या घरचं नव्हेच. बहुतेकदा संगणक उभं अक्षर नुसतं कलतं करतो. भर द्यायचा तर ठळक वापरा, पण फॉन्टातच ठळक वळण असेल तर. नसल्यास संगणक अक्षराला सूज आणतो आणि जोडाक्षरांची पोकळी बुजते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशी बरीच वजनं आहेत. शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी ठरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल, तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. काही फॉन्ट तेवढ्यावर वळण बदलतात.

मांडणीचा डोळा तयार करायला मात्र संगणक पुरत नाही. बदलापूरला श्याम जोशींच्या ग्रंथसखा वाचनालयात जाऊन जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं उघडून बघावी. समास किती सोडलाय, परिच्छेद कुठे तोडलाय, हे पट्टी लावून मोजलं तरी चालेल.

जुन्या फॉन्टात अडकलेल्या स्मरणिका घरात असतील, तर जुना संगणक चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवा. नाहीतर दुसरीकडे उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि अर्धा ऱ डोळ्यांत तेल घालून तपासा. एका अहवालाच्या खर्चाच्या पानावर 'आचाऱ्यांना मानधन' होतं. रूपांतरात ते 'आचार्यांना' झालं, आणि स्वयंपाकाचे पैसे प्रवचनकारांच्या नावावर गेले.