चाचणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक कैदी ससून रुग्णालयातून पळाला. पुढच्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि दिल्लीपर्यंत गेलेल्या त्या तपासात हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे सगळे ज्याला एमडी म्हणतात ते, हाती लागलं. जून २०२४ मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधला व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला. अशा बातम्या ओळीनं आल्या की पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एक सूचना हटकून पुढे येते: आठवी ते बारावीची जी मुलं शाळेच्या संघात, नाटकात, बँडपथकात, एनसीसीत आहेत, त्यांच्या लघवीची अधूनमधून, आगाऊ न कळवता, तपासणी करावी, ज्याला हे मान्य नाही त्यानं संघात येऊ नये. सूचना मांडणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो आणि भीती खरी असते. शाळाशाळांत या विषयावर बोलण्याचं काम माझ्या वाट्याला बरीच वर्षं आलेलं आहे. त्या बळावर सांगतो की या सूचनेला होकार देऊ नका. ती चुकीच्या मुलाला, चुकीच्या साधनानं तपासते, आणि त्या नादात मुलाला सावरणारी हाताशी असलेली माणसं घालवून बसते.

संघातल्याच मुलांना का धरायचं, याचं उत्तर वैद्यकात सापडत नाही, कायद्यात सापडतं. ही कल्पना अमेरिकेतून आली. ओरेगॉन राज्यातल्या व्हर्नोनिया या लाकूडतोडीवर जगणाऱ्या छोट्या गावानं शालेय खेळाडूंची अशी तपासणी सुरू केली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या टेकमसे गावचा खटला आला. तिथं आक्षेप घेणारी मुलगी गायनवृंदात होती, आणि गाणाऱ्या मुलांचीही तपासणी चालेल असा निकाल लागला, पण जेमतेम पाच विरुद्ध चार मतांनी. निकालामागचा एक धागा असा होता की खेळ आणि उपक्रम ऐच्छिक आहेत, सगळ्या वर्गावर सक्ती नाही. म्हणजे तपासणी सोयीची कुणाची, तर जी मुलं आपणहून शाळेत थांबतात त्यांची. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परतेपर्यंतच्या दोन-तीन तासांत जो मुलगा कबड्डीच्या मैदानात किंवा तालमीच्या खोलीत असतो, त्याच्यावर एका मोठ्या माणसाची नजर असते. ज्याच्यावर कुणाचीच नजर नाही, तो या तपासणीच्या यादीत मुळातच नाही.

आता साधनाकडे पाहू. शाळेला परवडणारी चाचणी म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. नमुन्यात बुडवायची आणि पाच मिनिटांनी रेघा वाचायच्या. ही पट्टी वाचण्यातच पहिली गफलत आहे. कोविडच्या घरगुती चाचणीनं आपल्याला शिकवलं की दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. अमली पदार्थांच्या पट्टीवर नेमकं उलट असतं: त्या पदार्थासमोर रेघ उमटली, अगदी फिकट का असेना, तरी निकाल निगेटिव्ह; रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. स्टाफरूममध्ये ट्यूबलाइटखाली पट्टी तिरपी धरून फिकट रेघ आहे की नाही यावर दोन शिक्षकांत एकमत होणार नाही, आणि त्या मतभेदावर एका पंधरा वर्षांच्या मुलाची अब्रू लटकलेली असेल.

दुसरं, पट्टीला काय दिसतं? गांजा दिसतो, तोही शेवटच्या सेवनानंतर कित्येक दिवस, नेहमीचा ओढणारा असेल तर काही आठवडे. पुण्यात ज्याची सर्वांत जास्त धास्ती आहे ते एमडी मात्र साध्या पट्टीवर सापडेलच याची खात्री देता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली खास तपासणी लागते. दारू काही तासांत शरीरातून निघून जाते. तंबाखू, मशेरी, वेप यांचा नेहमीच्या पट्टीशी संबंधच नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मागणाऱ्याला ती कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. आणि सर्वांत दुखरी जागा म्हणजे हुंगायचे पदार्थ: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या देशव्यापी पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त होतं: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. पाहणी सांगते की मुलांचं खास व्यसन हे आहे, आणि पट्टी नेमकी त्याच बाबतीत आंधळी आहे. मुलं हे सगळं आपल्या आधी शिकतात. गांजा पकडला जातो आणि बाकीचं निसटतं हे एकदा कळलं की कुठल्या दिशेनं ती सरकतील, हे सांगायला तज्ज्ञ नको.

उलट्या बाजूनं, काहीच न केलेलं मूल अडकतं. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अंश असतो. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीत खसखशीमुळे इतके घोळ झाले की १९९८ मध्ये अफूवर्गीय पदार्थांची निकालाची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २,००० करावी लागली. बाजारातल्या कित्येक पट्ट्या अजून जुन्या मर्यादेवर चालतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडताना आपल्याकडच्या मुलांच्या पोटात अनारसे असतात, हे पट्टी बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अफूच्या रकान्यात पॉझिटिव्ह आणतं. होळीच्या थंडाईत कुणी भांग मिसळली तर गांजाच्या. थोडा हिशेबही मांडून पाहा. समजा हजार मुलं तपासली, त्यांतली २० खरोखर काही घेणारी आहेत, आणि पट्टी शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर आहे. विसांतली १९ सापडतील. पण उरलेल्या ९८० निर्दोष मुलांतही ४९ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यांतली बहुसंख्य मुलं निरपराध. खात्रीसाठी दुसरी, महागडी चाचणी करता येते, हे बरोबर. पण तिचा निकाल येईपर्यंतच्या आठवड्यात वर्गात काय चालतं, ते शाळेत वावरलेल्या माणसाला सांगायला नको.

नमुना कुणाच्या हातातून कुठं जातो हा प्रश्न पुणेकरांनी तरी हलका समजू नये. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. पोलीस, सरकारी रुग्णालय, देशभराचे कॅमेरे, एवढं सगळं असताना एका बाटलीबद्दल असा आरोप होऊ शकतो. मग शाळेच्या शिपायानं मुतारीबाहेर उभं राहून गोळा केलेल्या तीस बाटल्यांची हमी कोण देणार? नमुना बदलू नये म्हणून देताना कुणीतरी समोर उभं राहावं, असं सुचवलं जातं. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे वाक्य मोठ्यानं उच्चारून पाहा. ज्याच्या घरी वकील आहे तो निकालाला आव्हान देईल, आणि ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते त्याच्या दाखल्यावर शेरा येईल, असं मला वाटतं.

इथं एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे: खेळाडूंची डोपिंग चाचणी होतेच ना? बालेवाडीला जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. अशा स्पर्धांत अल्पवयीनांचेही नमुने घेतले जातात. घेतले जातात, पण कसे? प्रशिक्षित अधिकारी येतो, अल्पवयीन खेळाडूसोबत त्याचं मोठं माणूस थांबू शकतं, नमुन्याचे अ आणि ब असे दोन भाग सीलबंद होतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच निकाल देते, सुनावणी आणि अपील असतं, आणि २०२२ मध्ये यासाठी राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी कायदाही संमत झाला. शिवाय तिथला प्रश्न स्पर्धेच्या न्याय्यतेचा आहे, मुलाला सुधारण्याचा नाही. यातलं काहीही न करता फक्त लघवीची बाटली उसनी घेणं म्हणजे नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेचं, अनुकरण नव्हे. दुसरा आक्षेप त्याहून ठसठशीत: तपासणीमुळे प्रमाण घटतं की नाही? अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी ३६ शाळांत झालेल्या, २०१० मध्ये आलेल्या अभ्यासात तपासणीखालच्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी गेल्या महिन्यात काही घेतल्याचं सांगितलं, तपासणी नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांत २२ टक्क्यांनी. हा फरक मी झाकून ठेवणार नाही. मुलं उपक्रम सोडून गेली असंही त्या अभ्यासात दिसलं नाही. पण त्याच अभ्यासात, पुढे कधी घ्यावंसं वाटेल का या प्रश्नाच्या उत्तरात फरक पडला नव्हता, आणि उपक्रमांबाहेरच्या मुलांवर काडीचा परिणाम नव्हता. ओरेगॉनमधल्या खेळाडूंच्या २००७ च्या अभ्यासात तर गेल्या महिन्याच्या सेवनात फरक सापडलाच नाही, उलट तपासणी होणाऱ्या मुलांच्या काही मनोधारणा बिघडलेल्या दिसल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे सारं पाहून शाळांतल्या अशा तपासणीला पाठिंबा दिलेला नाही. ‘तपासणी आहे, म्हणून नको’ असं म्हणायला मुलाला निमित्त मिळतं, हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. पण तेच निमित्त ‘सर मैदानावर वाट बघतायत’ यानंही मिळतं, आणि त्यात कुणाला बाटली द्यावी लागत नाही.

‘काही केलंच नसेल तर भीती कसली’ असं म्हणणाऱ्यांनी पॉझिटिव्ह निकालानंतरचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. मुलगा संघातून बाहेर. दहावीला असेल आणि राज्य पातळीपर्यंत पोहोचू शकणारा असेल तर क्रीडा सवलतीचे गुण गेले. अमली पदार्थाचं सेवन हा १९८५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे शाळेच्या कपाटातला तो कागद साधा वैद्यकीय कागद राहत नाही. बालन्याय कायद्याचा सगळा रोख मुलाचं नाव झाकण्यावर आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना मुलांमधल्या व्यसनांची देशव्यापी पाहणी, राष्ट्रीय योजना आणि अभ्यासक्रमात या विषयाला जागा, असे आदेश दिले. त्या आदेशांचा भर शिकवण्यावर आणि आखणीवर होता.

मग करायचं काय? सुरुवात फाटकाबाहेरून करा. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे; टेप घेऊन मोजा आणि लेखी तक्रार द्या. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे टपरीवाल्याला माहीत नसेल तर माहीत करून द्या. पालकसंघाकडे चाचण्यांसाठी पैसे असतील तर ते संध्याकाळी सातपर्यंत मैदान उघडं ठेवायला आणि एका समुपदेशकाच्या पगाराला द्या. क्रीडाशिक्षकाला बदल सर्वांत आधी दिसतो: सरावाला दांड्या, अचानक उतरलेलं वजन, मित्रांचा बदललेला घोळका, उधारीचे निरोप. त्याला तो बदल कुणाशी बोलायचा हे ठरवून द्या, आणि बोलल्यानं मुलगा संघातून जाणार नाही याची हमी द्या. ही हमी नसेल तर चांगला शिक्षक गप्पच बसेल. घरी ऑनलाइन मागवलेली पट्टी मुलासमोर ठेवू नका. पट्टी खरी निघाली तरी पुढं काय बोलायचं हा प्रश्न उरतोच, आणि खोटी निघाली तर मुलगा पुढं बराच काळ तुमच्याशी बोलणार नाही. येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, पुण्यातली पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा, ते उभं केलं. तिथं जायला मुलगा पुरता बुडालेला असावा लागत नाही. शंका असतानाच पालकांनी एकट्यानं जाऊन विचारलं तरी चालतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८, दोन्ही फळ्याशेजारी कायमचे लिहून ठेवायला हरकत नाही.

चाचणीला जागा आहे, पण ती दवाखान्यात. लक्षणं दिसत आहेत, डॉक्टर मुलाशी बोललेले आहेत, मुलाला कशासाठी ते समजलं आहे, आणि निकाल डॉक्टर, मूल आणि घर यांच्यापलीकडे जाणार नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी सह्यांसाठी जो कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यात ‘शाळा आवश्यक वाटेल ती वैद्यकीय तपासणी करील व व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील’ अशा अर्थाची ओळ कुठं आहे का ते बघा. असेल तर सहीआधी ती आडवी रेघ मारून खोडा, शेजारी आद्याक्षरं करा, कोणती तपासणी, कुणाकडून, निकाल कुणाकडे आणि किती दिवस, हे चार प्रश्न मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आणि त्या पत्राची पोच घ्या.