टांक्यातलं पाणी वर्षभर टिकतं कसं?

प्रश्न : राजस्थानच्या वाळवंटात पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदात साठवतात आणि तेच बारा महिने पितात, असं ऐकलं. आमच्याकडे पिंपात भरून ठेवलेल्या पाण्याला आठवडाभरात वास येतो. मग तिथलं पाणी खराब कसं होत नाही? की ते लोक नाइलाजानं खराब पाणीच पितात?
– एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : पाणी जुनं झालं म्हणून नासत नाही. त्यात पडलेल्या गोष्टी नासतात. तुमचं पिंप बहुधा अंगणात असेल, झाकण धड बसत नसेल आणि दुपारी ते चांगलंच तापत असेल. उजेड मिळाला की शेवाळ धरतं. शेवाळ मेलं की त्यावर जंतू पोसतात, ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग कुबट वास सुटतो. बाडमेर, जैसलमेर, बिकानेर, चुरू या भागांतला टांका नेमक्या याच वाटा बंद करतो.

टांका म्हणजे जमिनीत तीन-चार मीटर खोल आणि साधारण तितकाच रुंद गोल हौद. आतून पूर्वी चुन्याचा गिलावा असे, आता सिमेंटचा असतो. वर घुमट किंवा दगडी फरशीचं छत, त्यात लहानसं झाकण आणि झाकणाला बहुतेक ठिकाणी कुलूपही. आत मिट्ट अंधार असल्यामुळे शेवाळ धरत नाही. डासांना शिरायला फट नसते. सभोवार मातीच असल्यानं भर मे महिन्यातही पाणी फारसं तापत नाही. गाळ तळाशी बसतो आणि त्याला चिकटलेले पुष्कळ जंतूही त्याच्याबरोबर खाली जातात. आतड्यातून येणाऱ्या जंतूंना अशा पाण्यात खायला काही मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच जातींची संख्या काही आठवड्यांत घटते. शिवाय वाफ उडून जात नाही, हा फायदा तर फारच मोठा. थरमध्ये उघड्या पाण्याचा वर्षाला 2 मीटरहून जाड थर उन्हानं उडतो आणि जैसलमेरचा सरासरी पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची खांबटाकी तुम्ही पाहिली असतील. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी उन्हाळ्यातही गार लागतं. कातळात खोल आणि सावलीत असल्याचा तो परिणाम. मात्र किल्ल्यांना पाऊस भरपूर मिळतो. थरमध्ये तो आधी गोळा करावा लागतो, आणि टांक्याची सगळी अक्कल मला तिथे दिसते.

हौदाभोवतीची जमीन चोपून, हौदाकडे उतार देऊन तयार करतात. तिला आगोर म्हणतात. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं, हे लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा आहे. सहा माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी 10 लिटर धरले, तर वर्षाला जवळपास 22 हजार लिटर लागतात. 200 मिलिमीटर पावसातला तिसरा हिस्सा जरी वाहून हौदात आला, तरी साधारण 22 मीटर व्यासाचं आगोर पुरतं. नकाशावर ज्याला आपण कोरडा प्रदेश म्हणतो, तिथे एका घराची तहान एवढ्या अंगणात भागते. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हे अंगण राखण्याची शिस्त मात्र कडक असते. पावसाळ्याच्या तोंडावर आगोर झाडून काढायचं, गवत उपटायचं, टांक्यातला गाळ उपसायचा. गुरं-शेळ्यांना तिथे फिरकू द्यायचं नाही, चपला घालून जायचं नाही. पाणी आत येण्याच्या भोकांना जाळी, आणि जाळीच्या अलीकडे रेती-काडीकचरा अडवणारा छोटा खड्डा. पहिल्या सरीचं पाणी आत न घेता सोडून द्यायचं. पाणी इथेच वाचतं किंवा बिघडतं, हौद कितीही उत्तम बांधला तरी.

खोल बोअर का घेत नाहीत, असंही तुमच्या मनात येईल. घेतात, पण त्या भागात पुष्कळ ठिकाणी खोलवरचं पाणी खारं असतं आणि त्यात फ्लोराइड जास्त असतं. दात आणि हाडं खराब करणारा हा दोष उकळून जात नाही. वर्ध्यात जन्मलेले अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ (1995) या पुस्तकात तिथल्या लोकांनी केलेली पाण्याची वर्गवारी नोंदवली आहे : थेट पावसाचं ते पालर, खडूसारख्या थरावर अडून राहिलेल्या ओलीचं ते रेजाणी आणि खोल विहिरीचं ते पाताळ. या समाजाला आपलं पाणी किती बारकाईनं माहीत होतं, हे त्यावरून कळतं.

आता तुमचा शेवटचा, महत्त्वाचा प्रश्न. टांक्यातलं पाणी निर्जंतुक असतं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. दोरी-बादली जमिनीवर ठेवून पुन्हा आत सोडली की घाण आत गेलीच. दुष्काळात टँकरचं पाणी टांक्यात ओततात, ते कुठलं हेही अनेकदा ठाऊक नसतं. म्हणून बादलीपेक्षा हातपंप बरा, आणि पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं हवं. परंपरेचं कौतुक करताना आपण हे सांगायचं टाळतो आणि जुलाबानं मुलं आजारी पडतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सामाईक पाणवठ्यावर जातीनं कुणाला अडवलं, हे चवदार तळ्याच्या मुलखातल्या वाचकाला सांगायला नको. बाडमेरमध्ये रोजगार हमीतून घरोघरी टांके झाले, तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदाच स्वतःच्या दारात, स्वतःच्या हक्काचं पाणी मिळालं. बायकांचे कोसभर फेरे वाचले, ते वेगळंच.

जतला आगोर करायचीही गरज नाही, छप्पर पुरे. पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर 50 चौरस मीटर पत्र्यावरून 20 हजार लिटर सहज मिळतील. हौद जमिनीखाली किंवा पूर्ण झाकलेला करा, नळीला जाळी लावा, पहिला पाऊस बाहेर सोडा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम या मापानं बादलीत कालवून, निवळलेलं पाणी हौदात घाला आणि तासभर थांबून मगच वापरा. त्याचा असर काही दिवसांत उतरतो, तेव्हा पुढे रोजच्या पिण्याच्या हंड्यापुरतं क्लोरीनचं द्रावण आरोग्य उपकेंद्रात मागा. पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल किंवा त्याचा रंग उडत असेल, तर ते पाणी धुण्याभांड्यालाच ठेवा.