शाळागृहाची दुरुस्ती आणि शाळेची नोंद

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या भातशेतीच्या गावी कौलारू शाळागृहाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. वानरांच्या उड्यांनी एखादे कवेलू सरकते. पाणी प्रथम लाकडास, मग भिंतीस आणि अखेर मुलांच्या बैठकीस लागते. ही हानी वेळीच सावरली तर थोडक्यात निभते. दोनचार पावसाळे ती तशीच राहिली, तर लाकूड कुजते व किरकोळ दुरुस्तीचे काम नव्या छपराचे होऊन बसते. या दोन कामांस पैसा निरनिराळ्या वाटांनी येतो.

या वाटा पूर्वी निराळ्या होत्या. भंडारा जिल्हा मध्यप्रांतात असताना पं. रविशंकर शुक्ल यांनी 1938 च्या सुमारास विद्यामंदिर योजना पुढे आणली. दात्यांनी जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. कल्पना उदात्त खरी. परंतु ज्या वर्षी पीक बुडेल त्या वर्षी शाळेने काय करावे, या प्रश्नास तिच्यात समाधानकारक उत्तर नव्हते. 1939 मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर ओसरला. पुढे जनपद सभांचा काळ आला, आणि 1 मे 1962 पासून हा भार जिल्हा परिषदेने उचलला.

आज किरकोळ कामासाठी समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान आहे. या योजनेच्या खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के असतो. 31 ते 100 पटाच्या शाळेस वर्षाकाठी कमाल 25,000 रुपये आणि 101 ते 250 पटाच्या शाळेस कमाल 50,000 रुपये, असे अनुदानाचे प्रमाण आहे. त्यातूनच खडू, वीज, पाणी भागवायचे. दहावा हिस्सा स्वच्छतेस द्यायचा. एवढ्यात कवेलू फेरता येतील, छप्पर बदलता येणार नाही. पट घटला की अनुदान घटते. पाऊस मात्र पट पाहून पडत नाही.

मोठ्या दुरुस्तीस व नव्या खोलीस समग्र शिक्षेच्या बांधकाम निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या तरतुदीतून पैसा मिळतो. त्यासाठी अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी व प्रशासकीय मान्यता लागते. खोली धोकादायक असेल तर आधी तिचे निर्लेखन व्हावे लागते. तोवर ती पाडता येत नाही. अशा खोलीत मुलांना बसवू नये, हे सांगणे नलगे.

या साऱ्या कामाचा आरंभ मुख्याध्यापकाच्या लेखणीपासून होतो. यू-डायस प्लसच्या माहितीत प्रत्येक खोली चांगली आहे, किरकोळ दुरुस्तीची आहे की मोठ्या दुरुस्तीची, हे भरावे लागते. गतवर्षीची माहिती तशीच उतरवण्याची किंवा शाळेस कमीपणा येईल म्हणून गळकी खोली ‘चांगली’ लिहिण्याची सवय कोठे कोठे आढळते. असे झाल्यास मागणी करणाऱ्या शाळेचीच नोंद तिच्या विरुद्ध साक्ष देते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली सांगितली आहे, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविले आहे. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांना पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी शाळेत बोलवावे. कोणत्या खोलीत कोठे गळते ते त्यांच्यासमक्ष पाहून तारखेसह इतिवृत्तात लिहावे, छायाचित्र जोडावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी.