मूडल बसवताय? आधी होस्टिंग तपासा, मग पैसे भरा

ऑनलाइन वर्ग आणि परीक्षांसाठी शाळा-कॉलेजं वापरतात ते मूडल फुकट मिळतं. खर्च होतो तो होस्टिंगवर. जाहिरातीत जागा ‘अमर्याद’ असते, पण मूडल अडतं ते भलत्याच ठिकाणी. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला पुढच्या गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

पीएचपी : मूडल ४.५ ला पीएचपी ८.१ ते ८.३ लागतं, ५.० ला किमान ८.२. सोडियम एक्स्टेन्शन चालू हवं. ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा मुळात १००० असते, मूडलला ५००० लागते. ती आपल्याला वाढवता येते का?

डेटाबेस : ४.५ साठी मायएसक्यूएल ८.०, मारियाडीबी १०.६.७ किंवा पोस्टग्रेएसक्यूएल १३, निदान एवढं तरी हवंच.

क्रॉन : ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं हे काम दर मिनिटाला चालवू देतात का? क्रॉन रखडला की सूचनांचे ईमेल आणि बॅकअपही रखडतात.

मूडलडेटा : विद्यार्थ्यांच्या फायलींचं हे फोल्डर वेबवरून थेट उघडता कामा नये. ते वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवता येतं का? फायलींच्या संख्येवर मर्यादा आहे का?

रॅम : ढोबळ हिशेब असा, की १ जीबीवर एका वेळी १० ते २० जण. ६० मुलांची परीक्षा एकदम घ्यायची तर ३ ते ६ जीबी धरा. तिथे शेअर्ड होस्टिंग पुरत नाही, व्हीपीएस (आपल्यापुरता राखीव आभासी सर्व्हर) घ्यावा लागतो. तो सांभाळायला जाणकार माणूस लागतो. त्याचं मानधनही खर्चात धरा.

खरा खर्च

‘महिना २०० रुपये’ हा दर बहुतेक वेळा तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. म्हणजे ७,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे १,२९६. एकूण ८,४९६ रुपये आजच हातचे जातात. नूतनीकरणाचा दर याहून चढा असू शकतो, तोही विचारा. एसएसएलसाठी मात्र वेगळे पैसे मोजू नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं.

आधी एकच महिना

महिन्याचा दर जास्त पडला तरी सुरुवातीला एकाच महिन्याचे पैसे भरा. मूडल बसवून ‘साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मधल्या ‘सर्व्हर’खालचं ‘एन्व्हायर्नमेंट’ पान उघडा. काय कमी आहे ते तिथे ओळीने दिसतं. मग एका पूर्ण वर्गाची सराव चाचणी एकाच वेळी घ्या. दोन्हींत होस्टिंग टिकलं, तरच वर्षाचे पैसे भरा.