कानही नव्याने शिकतात



मागून कोणी हाक मारली की आपण नेमके त्याच बाजूला वळतो. डोळे मिटलेले असले तरी हे जमते. ते कसे, हे या पाठात पाहू.

आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. डाव्या कानाच्या वाटेत डोके आडवे येते. दोन कानांतील हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो. पण आवाज थेट समोरून, वरून किंवा खालून आला तर दोन्ही कानांना तो एकदमच पोहोचतो. तेव्हा कानाच्या बाहेरील भागावरच्या वळ्या आणि खळगे कामी येतात. त्यांवर आदळून आवाज किंचित बदलतो. वरून आलेला एका तऱ्हेने, खालून आलेला दुसऱ्या तऱ्हेने. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असते. म्हणून या खुणा ज्याच्या त्याच्या मेंदूला शिकाव्या लागतात.

ही घडण बदलली तर? नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑपस्टल या शास्त्रज्ञांनी याविषयीचा प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी चार प्रौढांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवले. कानाचे छिद्र मोकळेच ठेवले. डावे-उजवे पूर्वीसारखेच कळत होते, पण वर-खाली ओळखणे लगेच बिघडले. साचे घालून ते रोजचे व्यवहार करीत राहिले. हळूहळू, सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात, वर-खाली पुन्हा कळू लागले. विशेष म्हणजे साचे काढल्यावर जुन्या कानांनीही लगेच बरोबर ओळखता आले. नवे शिकताना जुने पुसले गेले नव्हते.

हा पाठ आम्ही मुद्दाम निवडला आहे. आमच्या एका विद्यार्थ्याला श्रवणयंत्र लागले. हाक मारली की तो भलतीकडेच पाहायचा. मुले हसत, आणि आम्हीसुद्धा "लक्ष कुठे आहे तुझे?" म्हणून त्याला रागावलो. मग तो यंत्र दप्तरातच ठेवू लागला. चूक त्याची नव्हती. त्याच्या मेंदूला नव्या खुणा शिकायला वेळ हवा होता आणि तो आम्ही दिला नाही. पुढे त्याला नावाने हाक मारून, समोर येऊन बोलायचे ठरवले, तेव्हा यंत्र पुन्हा कानावर आले. पालकांनीही अशा वेळी घाई करू नये. अडचण वाटल्यास डॉक्टरांना विचारावे, पण यंत्र कपाटात ठेवू नये.

करून पाहा : एका मित्राला डोळे मिटून बसवा. वेगवेगळ्या बाजूंनी चाब्या वाजवा आणि त्याला बोटाने दिशा दाखवायला सांगा. मग एक कान तळहाताने झाकून हेच करा. आता आवाज मोकळ्या कानाकडे सरकल्यासारखा वाटतो का? किती वेळा चूक झाली ते वहीत लिहा. कानात बोळा किंवा दुसरी कोणतीही वस्तू घालू नका.

आणि पुढच्या वेळी वर्गात कोणी चुकीच्या बाजूला वळले, तर हसण्याआधी हा प्रयोग आठवा.